पक्षाचा उमेदवार आणि पुढाऱ्यांचे मौन

राजकीय पक्ष कायद्याच्या जोरावर जितका चालतो त्याहून अधिक तो एका अलिखित करारावर चालतो. उमेदवार ठरेपर्यंत आपसात हवे तितके भांडावे, एकमेकांचे दोष काढावेत, मते मागावीत. परंतु एकदा निवड झाली की ज्याच्या बाजूने कौल पडला त्याच्या पाठीशी सर्वांनी उभे राहावे, हा तो करार होय. पराभूतांनी तो पाळलाच पाहिजे असा उपदेश प्रत्येक पक्षाचा पुढारी आपल्या अनुयायांस नित्य करीत असतो. आता हाच कौल पुढाऱ्याच्या मनाविरुद्ध पडला, तर तो उपदेश त्यास स्वतःस लागू आहे की नाही? विशेषतः शहराच्या निवडणुकीत, जेथे ‘ही स्थानिक बाब आहे’ असे म्हणून अंग काढून घेणे सोपे असते, तेथे पक्षाच्या रीतसर निवडलेल्या उमेदवारास पुढाऱ्याने जाहीर पाठिंबा दिलाच पाहिजे काय? अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या २०२५ सालच्या महापौरपदाच्या निवडणुकीने हा प्रश्न ठळकपणे पुढे आणला आहे. त्यावर जी गुळमुळीत उत्तरे ऐकू येतात त्यांचा परामर्श घेणे आम्हास अगत्याचे वाटते.

आधी हकीकत सांगतो. न्यूयॉर्क शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचे प्राबल्य मोठे असल्यामुळे त्या पक्षाची उमेदवारी हीच तेथे अर्धी निवडणूक समजली जाते. ही उमेदवारी कोणी पुढारी देत नाही. पक्षात नाव नोंदविलेले मतदार प्राथमिक निवडणुकीत मते देऊन ती ठरवितात. २०२५ सालच्या २४ जून रोजी ही प्राथमिक निवडणूक झाली. दहा लाखांहून अधिक मतदारांनी मते दिली, आणि पसंतीक्रमाची मोजणी संपली तेव्हा झोहरान ममदानी यांस शेकडा ५६ व राज्याचे माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांस शेकडा ४४ मते पडली असे ठरले. ममदानी हे तरुण, स्वतःस समाजवादी म्हणविणारे, घरभाडी गोठविण्याचे व शहरातील बसगाड्या विनामूल्य करण्याचे वचन देणारे. इस्रायलविषयीची त्यांची मते पक्षातील अनेक धुरीणांस न पटणारी. त्यांच्या मातोश्री चित्रपट-दिग्दर्शिका मीरा नायर असल्यामुळे आपल्याकडील वर्तमानपत्रांनी ह्या निवडणुकीचे कौतुक पुष्कळ केले. आमचे लक्ष तिकडे वेधले ते मात्र ह्या नात्यामुळे नव्हे.

कुओमो पराभवानंतर घरी बसले नाहीत. ते अपक्ष म्हणून पुन्हा उभे राहिले. एका बाजूस पक्षाचा रीतसर उमेदवार, दुसऱ्या बाजूस त्याच पक्षाच्या मतदारांनी नुकताच नाकारलेला बंडखोर, आणि तिसरा रिपब्लिकन, असा सामना जुंपला. अशा वेळी पक्षाच्या पुढाऱ्यांनी कोठे उभे राहावे हे शाळकरी मुलानेही सांगितले असते. परंतु झाले ते असे. गव्हर्नर कॅथी होकल यांनी पाठिंबा दिला तो १४ सप्टेंबर रोजी. चारच दिवसांनी पक्षाच्या राज्यशाखेचे अध्यक्ष जे जेकब्स यांनी आपण पाठिंबा देणार नाही असे जाहीर केले. प्रतिनिधिगृहातील पक्षनेते हकीम जेफ्रीज, जे स्वतः ब्रुकलिनचे प्रतिनिधी आहेत, त्यांस कंठ फुटला तो २४ ऑक्टोबर रोजी, म्हणजे आगाऊ मतदान सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. आणि सेनेटमधील पक्षनेते चक शूमर, हेही ब्रुकलिनचेच रहिवासी, अखेरपर्यंत बोललेच नाहीत. ४ नोव्हेंबरला मतदान करून आल्यावरही आपण मत दिले एवढेच त्यांनी सांगितले, कोणास दिले ते सांगितले नाही. त्याच रात्री ममदानी अर्ध्याहून अधिक मतांनी निवडून आले.

उमेदवार निवडून आला, तेव्हा आता ह्या गोष्टीची चर्चा कशास, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. यश मिळाल्यावर सर्वच गोष्टी क्षम्य ठरतात, आणि क्षम्य ठरलेली गोष्ट पुढे रूढी होऊन बसते. म्हणून आमचे मत आरंभीच स्पष्ट सांगून टाकतो. पक्षाच्या मतदारांनी रीतसर निवडलेल्या उमेदवारास पाठिंबा देणे हे पुढाऱ्याचे कर्तव्य आहे. ते त्याच्याने होत नसेल तर त्याने तसे कारणासह उघड बोलून दाखवावे, आणि मग शहराने कोणास निवडावे हेही सांगावे. मौन मात्र त्याने धरता कामा नये. आणि जो पक्षाच्या यंत्रणेचाच अध्यक्ष आहे त्यास तर पाठिंबा किंवा राजीनामा ह्याखेरीज तिसरी वाट नाही.

हे कर्तव्य कोठून उत्पन्न होते ते पाहण्यासाठी प्राथमिक निवडणूक ही चीज अमेरिकेत का आली हे ध्यानात घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात तेथे उमेदवारी ठरे ती मूठभर वजनदारांच्या बैठकीत. न्यूयॉर्कमध्ये टॅमनी हॉल नावाच्या संस्थेचे सूत्रधार कोण महापौर व्हावा, कोण न्यायाधीश व्हावा हे ठरवीत आणि मतदारांपुढे आयते पान वाढून ठेवीत. ह्या मिरासदारीविरुद्ध सुधारकांनी जी चळवळ केली तिचे फळ म्हणजे प्राथमिक निवडणुकीचा कायदा. विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट यांच्या प्रयत्नांनी १९०४ साली लोकमताने तो संमत झाला, आणि पुढील काही वर्षांत इतर राज्यांनी तोच कित्ता गिरविला. उमेदवार निवडण्याचा हक्क पुढाऱ्यांच्या मुठीतून काढून तो सामान्य पक्षसभासदाच्या हाती द्यावा, हाच ह्या कायद्याचा आत्मा होय.

आता, हक्क हातातून गेला तरी वजन जात नाही. पुढाऱ्याचा पाठिंबा म्हणजे नुसता शब्द नव्हे. त्या शब्दामागे देणगीदार असतात, कामगारसंघ असतात, स्वयंसेवक असतात, आणि ‘मोठ्यांचे काय मत आहे’ हे पाहून आपले मत बनविणारे हजारो मतदार असतात. पुढारी बोलला नाही तर ह्या सर्वांस एक निरोप आपोआप पोहोचतो. तो निरोप असा की, मतदारांनी निवड केली असली तरी आम्हास ती मान्य नाही, सबब तुम्हीही मोकळे आहात. अर्थात कायद्याने जो हक्क पुढच्या दाराने काढून घेतला तो मौनाच्या मागल्या दाराने पुन्हा घरात येतो. निवडणूक घेतली मतदारांची, आणि ती कायम करण्याचा किंवा लोंबकळत ठेवण्याचा अधिकार मात्र पुढाऱ्यांचा! असा अधिकार कोणत्या कायद्याने त्यांस दिला आहे?

ह्या कराराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डेमोक्रॅटिक पक्षातील डाव्या गटास गेली कित्येक वर्षे एकच धडा पढविला जात आहे: उमेदवार कोणीही असो, मत पक्षालाच द्या. ह्या गटाने तो धडा बऱ्याच अंशी गिरविलाही. २०१६ साली बर्नी सँडर्स राष्ट्राध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकांत हिलरी क्लिंटन यांच्याकडून हरले. १२ जुलै रोजी त्यांनी क्लिंटनबाईंस जाहीर पाठिंबा दिला. २०२० साली ते जो बायडन यांच्याकडून हरले. १३ एप्रिल रोजी, म्हणजे माघार घेतल्यानंतर आठवडाही लोटला नव्हता तोच, त्यांनी बायडन यांस पाठिंबा दिला. सँडर्स यांचे ह्या दोघांशी मतभेद थोडेथोडके नव्हते, आणि त्यांच्या अनुयायांपैकी अनेकांस हा पाठिंबा कडू औषधासारखा वाटला. तरी त्यांनी तो दिला, कारण करार करार आहे. मग पाच वर्षांनी त्याच पक्षात उलटा कौल पडला तेव्हा हे कडू औषध वडीलधाऱ्यांनी का घेतले नाही? दुर्बळाने पाळावयाचा आणि प्रबळाने सोयीप्रमाणे विसरावयाचा असा जो करार, त्यास करार म्हणत नाहीत. ती वेठ होय. आणि वेठीला धरलेला मनुष्य संधी मिळताच पळून जातो, हे सांगण्यास ज्योतिषी नको. उद्या नेमस्त गटाचा उमेदवार जिंकेल आणि ह्या तरुण मतदारांकडे निष्ठेची मागणी होईल, तेव्हा ‘तुमची निष्ठा आम्ही न्यूयॉर्कला पाहिली’ असे त्यांनी उत्तर दिले तर त्यांस कोणत्या तोंडाने दोष द्यावयाचा?

आता प्रतिपक्षाचे आक्षेप एकेक करून पाहू. त्यांतला पहिला व सर्वांत वजनदार आक्षेप विवेकबुद्धीचा. पुढारी झाला म्हणून मनुष्याने आपली बुद्धी गहाण टाकावी काय? पक्षाच्या मतदारांनी उद्या एखाद्या नीच मनुष्यास निवडले तर त्याचाही जयजयकार करावा काय? हा प्रश्न काल्पनिक नव्हे. वर उल्लेखिलेल्या जेकब्स महाशयांनीच तो २०२१ साली विचारला होता. बफेलो शहरात त्या वर्षी इंडिया वॉल्टन नावाच्या समाजवादी परिचारिकेने प्राथमिक निवडणूक जिंकली होती, आणि तिला पाठिंबा देण्याचे आपणावर बंधन नाही हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी डेव्हिड ड्यूकचे उदाहरण घेतले. कू क्लक्स क्लान ह्या वर्णद्वेष्ट्या टोळीचा हा एके काळचा म्होरक्या उद्या आमच्या पक्षात शिरून एखाद्या शहराची प्राथमिक निवडणूक जिंकला, तर त्यासही मी पाठिंबा द्यावा काय, असा त्यांचा सवाल होता. एका कृष्णवर्णी स्त्रीच्या उमेदवारीची चर्चा करताना असा दाखला देणे किती अनुचित होते हे त्यांस लवकरच कळून आले व त्यांनी क्षमाही मागितली. तरी सवाल तेवढ्याने मिटत नाही, आणि आम्हीही तो टाळू इच्छीत नाही.

आमचे उत्तर असे की, ड्यूकसारख्यास पाठिंबा देऊ नये. पण तो नाकारावयाचा कसा, हे ड्यूकच्याच प्रकरणावरून शिकावे. १९९१ साली लुइझियाना राज्यात हा गृहस्थ रिपब्लिकन म्हणवून घेऊन गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, तेव्हा त्या पक्षाचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी त्याच्या वर्णद्वेषामुळे आपण त्यास पाठिंबा देऊ शकत नाही असे उघडपणे सांगितले. विवेकबुद्धी खरोखर जागी असली म्हणजे ती अशी बोलते. जी विवेकबुद्धी जून महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत एक अक्षरही उच्चारीत नाही, आणि निकाल लागताच विजयी उमेदवाराशी सहकार्याची भाषा करू लागते, तिला विवेकबुद्धी म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. शूमर यांस ममदानी खरोखरच शहरास घातक वाटत होते काय? तसे असेल तर ते न बोलणे हा आपल्या शहरबंधूंशी द्रोह झाला. घातक वाटत नव्हते काय? मग पाठिंबा न देणे हा पक्षाशी द्रोह झाला. कोणताही पक्ष घेतला तरी मौनाचे समर्थन होत नाही.

ह्याच न्यूयॉर्क शहराच्या इतिहासात ह्याहून मोठे उदाहरण आहे, आणि ते वरवर पाहता आमच्या विरुद्ध जाणारे असल्यामुळे आम्ही ते मुद्दाम देतो. १९४१ साली तेथील महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया तिसऱ्यांदा उभे होते. ते रिपब्लिकन, त्यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार विल्यम ओड्वायर. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट हे डेमोक्रॅटिक पक्षाचे सर्वश्रेष्ठ नेते व न्यूयॉर्क राज्याचेच रहिवासी. त्यांनी निवडणुकीपूर्वी वृत्तपत्रकारांपुढे सांगितले की, आपल्या आठवणीत ह्या शहरास ला ग्वार्डियांइतका प्रामाणिक कारभार कोणी दिलेला नाही. ला ग्वार्डिया निवडून आले. रूझवेल्टांनी पक्षाची शिस्त मोडली हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यांनी ती भर उजेडात मोडली, कारण सांगून मोडली, आणि कोण बरा हेही सांगून मोडली. ज्या पक्षबंधूंस ते रुचले नाही त्यांस रूझवेल्टांशी वाद घालता आला, त्यांच्यावर रागावता आले, त्यांच्या कारणाची छाननी करता आली. मौन धरणाऱ्याशी कोणी वाद घालावा? त्याने काही म्हटलेलेच नसते! पाठिंबा नाकारणारा पुढारी ‘मग मत कोणास द्यावे’ ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास तयार असेल तरच त्याचा नकार प्रामाणिक, ही कसोटी आम्हास ह्याच उदाहरणावरून सुचते.

आपल्या देशातील वाचकांस ह्या ठिकाणी १९६९ सालच्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ती स्थानिक निवडणूक नव्हती हे खरे. पण पुढाऱ्याचा विवेक व पक्षाचा उमेदवार ह्यांच्यातील झगडा इतका स्पष्ट आपल्याकडे क्वचितच दिसला असेल. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सही पंतप्रधान इंदिरा गांधींची. पुढे त्यांनीच सभासदांनी विवेकाला स्मरून मत द्यावे अशी भूमिका घेतली, ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला, रेड्डी पडले व व्ही. व्ही. गिरी निवडून आले. त्या वादात कोण बरोबर होते हा आजचा विषय नव्हे. पण त्याच वर्षी काँग्रेस पक्ष दुभंगला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वतः सही केलेल्या उमेदवाराविषयी अंतरात्म्याचा हवाला देता येतो. मात्र त्याची किंमत पक्षास मोजावी लागते, आणि ती किंमत मोजण्याची तयारी त्या वेळी उभय बाजूंनी दाखविली. न्यूयॉर्कच्या मौनव्रतींस अंतरात्माही हवा होता आणि पदही.

दुसरा आक्षेप असा की, ही शहराची निवडणूक. राष्ट्रीय सभागृहांतील नेत्यांनी तीत नाक खुपसू नये हेच बरे. ऐकावयास हे बोलणे मोठे सोज्ज्वळ वाटते. पण बफेलोचीच गोष्ट पुढे पाहा. तेथे प्राथमिक निवडणुकीत पराभूत झालेले महापौर बायरन ब्राउन हे काही काळ पक्षाच्या राज्यशाखेचे अध्यक्ष होते. पक्षाचा निर्णय इतरांनी पाळावा हे पाहणे ज्यांचे काम होते, त्यांनीच तो आपल्यापुरता झुगारला आणि मतपत्रिकेवर आपले नाव लिहा अशी मोहीम काढली. नाव लिहिण्याचे श्रम वाचावेत म्हणून मतदारांस आपल्या नावाचे रबरी शिक्केही वाटले. त्या वेळी शूमर यांनी काय केले? २०२१ च्या ऑक्टोबरात त्यांनी वॉल्टनबाईंस जाहीर पाठिंबा दिला. तेव्हा बफेलोची निवडणूक स्थानिक नव्हती काय? की आपल्या घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या शहरात बोलण्याची मुभा असते आणि आपण राहतो त्या शहरात तोंड बंद ठेवणे हा शिष्टाचार असतो? सेनेटर महाशयांचे २०२१ सालचे वर्तन योग्य होते, आम्ही त्याचे कौतुक करतो. आणि म्हणूनच २०२५ सालचे त्यांचे मौन तत्त्वावर उभे होते असे मानण्यास आम्ही तयार नाही. त्या वेळी होकलबाई मात्र तटस्थ राहिल्या, आणि ब्राउन निवडून आले. राज्यशाखेच्या माजी अध्यक्षाने पक्षाचा कौल पायदळी तुडविला, विद्यमान अध्यक्षाने तुडवू दिला, आणि कोणासही जाब विचारला गेला नाही. चार वर्षांनी कुओमो पराभवानंतर पुन्हा उभे राहिले ते हे सारे पाहूनच उभे राहिले, असे आम्ही म्हटले तर फारसे चुकणार नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि खरे पाहता पहिले दोन आक्षेप ह्याच्यावर घातलेली पांघरुणे आहेत. पक्षास साऱ्या देशात निवडणुका लढवावयाच्या आहेत. न्यूयॉर्कच्या समाजवादी उमेदवाराच्या गळ्यात गळा घातला तर उपनगरांतील व इतर राज्यांतील सावध मतदार बिथरतील, असे पुढाऱ्यांचे गणित. हे गणित अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यास साऱ्या घराचा संसार करावयाचा त्यास एका खोलीपुरते पाहून चालत नाही. पण मौनाने हे गणित सुटते काय? रिपब्लिकन पक्षाने ममदानी यांचे नाव साऱ्या डेमोक्रॅटांच्या कपाळी चिकटविण्यात कसूर केली नाही. पाठिंबा दिला नाही म्हणून कोणास त्यातून सूट मिळाली नाही. आणि ज्या दिवशी ममदानी निवडून आले त्याच दिवशी व्हर्जिनियात अॅबिगेल स्पॅनबर्गर व न्यू जर्सीत मिकी शेरिल ह्या त्याच पक्षाच्या नेमस्त मताच्या स्त्रिया गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. ह्या राज्याच्या मतदारास त्या शहराचा उमेदवार वेगळा, हे कळते. पुढारी समजतात तितका तो भोळा नाही. ‘हा आमच्या पक्षाच्या न्यूयॉर्ककरांनी निवडलेला उमेदवार आहे, त्याची अमुक मते मला मान्य नाहीत, तरी शहरापुढे असलेल्या उमेदवारांत मी त्याच्याच बाजूस आहे,’ एवढी तीन वाक्ये बोलण्यास कितीसे धैर्य लागते?

जेफ्रीज यांनी अखेरीस बोलताना प्राथमिक निवडणुकीतील मतदारांच्या कौलाचा आदर हे एक कारण सांगितले. कारण उत्तम आहे. पण तो कौल ऑक्टोबरात पडला नव्हता, जूनमध्येच पडला होता. २४ जून ते २४ ऑक्टोबर असे बरोबर चार महिने तो आदर कोठे वाट चुकला होता? लग्न लागून पंगती उठल्यावर अहेर घेऊन येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत यजमान करतो खरा, पण त्याच्या येण्याने लग्नास शोभा आली असे कोणी म्हणत नाही.

जेकब्स यांच्याविषयी आम्ही थोडे निराळे लिहितो. त्यांनी मौन धरले नाही. समाजवादी विचारसरणी व इस्रायलविषयीची भूमिका ही दोन कारणे देऊन त्यांनी नकार जाहीर केला. इतका प्रामाणिकपणा त्यांच्या पदरी घातलाच पाहिजे. पण ते सामान्य सभासद नव्हते. पक्षाची यंत्रणा चालविणे, निवड न्याय्य रीतीने पार पडेल हे पाहणे, आणि निवड झाल्यावर उमेदवार निवडून आणणे हेच अध्यक्षाचे काम. पंचाने आपला निर्णय दिल्यानंतर पराभूत मल्लाची पाठ थोपटावी व विजयी मल्लाचा हात उंच करण्यास नकार द्यावा, तसा हा प्रकार झाला. ज्यास हे काम विवेकाविरुद्ध वाटते त्याने ते सोडावे. विवेकापायी खुर्ची सोडणाऱ्यास आम्ही वंदन करू. खुर्चीवर बसून विवेक सांगणाऱ्यास मात्र त्या विवेकाची किंमत काय, असे विचारावेच लागेल.

पुढाऱ्यांनी हात आखडता घेतला म्हणजे काय होते ह्याचा सर्वांत बोलका दाखला शिकागो शहराचा आहे. १९८३ च्या फेब्रुवारीत तेथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिरंगी प्राथमिक निवडणुकीत हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे कृष्णवर्णी गृहस्थ विजयी झाले. त्या शहरात १९३१ पासून एकही रिपब्लिकन महापौर झाला नव्हता. चार वर्षांपूर्वी त्याच पक्षाच्या जेन बर्न यांस शेकडा ८२ मते पडली होती. पण वॉशिंग्टन यांची निवड होताच पक्षाच्या अनेक वॉर्डप्रमुखांस एकाएकी रिपब्लिकन उमेदवार बर्नार्ड एप्टन यांचे गुण दिसू लागले. काहींनी उघड त्यांची बाजू घेतली, काहींनी हाताची घडी घातली. एप्रिलमध्ये वॉशिंग्टन निवडून आले ते सुमारे तेरा लाख मतांत पन्नास हजारांहूनही कमी मताधिक्याने. दुखणे तेवढ्यावर थांबले नाही. पक्षाच्या जिल्हाशाखेचे अध्यक्ष एडवर्ड व्हर्डोल्याक यांनी नगरसभेत एकोणतीस सभासदांचा गट बांधला. महापौरांच्या बाजूस उरले एकवीस. न्यायालयाच्या हुकमाने काही वॉर्डांत १९८६ साली पुन्हा निवडणुका होईपर्यंत महापौरांच्या नेमणुका अडल्या, योजना अडल्या, शहराचा कारभार अडला. आणि हे व्हर्डोल्याक महाशय १९८७ साली दुसऱ्याच पक्षाच्या नावावर वॉशिंग्टनविरुद्ध उभे राहिले, पडले, व त्याच वर्षी रिपब्लिकन झाले. उमेदवाराचा रंग पाहून ज्यांनी पक्षाचा कौल धुडकावला त्यांनी पक्षही शेवटी सोडलाच. मधल्या वर्षांचे नुकसान मात्र शहराच्या माथी राहिले.

हे सारे परदेशचे. आम्हास त्याचे काय, असे वाचक विचारील. भेद आहे खरा. आपल्याकडे महानगरपालिकेची उमेदवारी पक्षाचे सभासद मते देऊन ठरवीत नाहीत. ती पुढाऱ्याच्या सहीच्या ए-बी फॉर्मवर मिळते, आणि तो फॉर्म कोणाच्या हाती पडणार हे अनेकदा अखेरच्या दिवसापर्यंत गुलदस्त्यात असते. म्हणजे अमेरिकेत मतदारांनी सही केलेली हुंडी पुढारी वटवीत नाही; आपल्याकडे हुंडी पुढाऱ्याचीच असते. तेव्हा आपल्या पुढाऱ्याचे कर्तव्य कमी नव्हे, उलट दुप्पट कडक आहे. एका हाताने फॉर्म द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने बंडखोरास गोंजारावयाचे, मित्रपक्षाविरुद्ध उमेदवार उभा करून त्यास ‘मैत्रीपूर्ण लढत’ असे गोंडस नाव द्यावयाचे, आणि निकालानंतर जो निवडून येईल तो आमचाच म्हणावयाचे, हे प्रकार आपल्या नगरपालिकांच्या निवडणुकांत ज्यांनी पाहिले आहेत त्यांस न्यूयॉर्कच्या मौनाची जातकुळी ओळखण्यास वेळ लागू नये. प्राथमिक निवडणुकीची पद्धत आपल्याकडे आणावी असे म्हणणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढाऱ्यांनी निकाल मानण्याची सवय नसेल तर नुसती पद्धत आणून भागत नाही. मतपेटी बदलते, मालक तेच राहतात.

सामान्य सभासदास आम्ही ह्या बंधनातून मुक्त ठेवतो. त्याचे मत गुप्त आहे, आणि ते कोणास द्यावे हे त्याचे त्याने ठरवावे. पुढाऱ्याची गोष्ट निराळी. लोकांनी त्याच्या मागे यावे अशी त्याची मागणी असते; मग आपण कोठे उभे आहोत हे सांगण्यास त्याने का कचरावे? मतदाराचे गुप्त मतदान हे दुर्बळाचे संरक्षण म्हणून निर्माण झाले. पक्षनेत्याने ते ढालीसारखे पुढे धरावे ह्यासारखी विसंगती दुसरी नाही. महापौर कोणता निवडावा हे न्यूयॉर्कच्या लोकांनी पुढाऱ्यांना न विचारता ठरविले, व तसे ठरविण्यास ते समर्थ होते. आता पक्षाचे नेते कोण असावेत हा प्रश्नही त्यांच्यापुढे आज ना उद्या येईल. त्या वेळी उमेदवार म्हणून उभे असलेल्या प्रत्येक पुढाऱ्यास मतदारांनी एवढेच विचारावे: आम्ही निवडलेला उमेदवार तुमच्या मनाविरुद्ध असला तर तुम्ही काय कराल? जो ह्या प्रश्नाचे उत्तर निवडणुकीपूर्वी देणार नाही, तो निवडणुकीनंतर देईल अशी आशा कोणी बाळगू नये.